सीट गार होईपर्यंत

मला या शहरातल्या माणसांची शिसारी आलीय. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की एदिल्मा फार कडू बोलते. कडूच बोलणार आहे. बोगोतात जन्मले, बोगोतात म्हातारी झाले, जन्मभर शिलाई मशीन चालवून इथल्याच माणसांचे कपडे शिवले. कुणाचं पोट किती सुटलंय आणि कोण किती खोटं बोलतं हे मला माप घेताना कळतं. तेव्हा मला कुणी शिकवायला येऊ नये.

त्या शुक्रवारी आम्हाला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या नवऱ्याला, आल्देमारला. त्याचा उजवा डोळा आधीच गेलेला. डाव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला, तो त्याच आठवड्यात ऑपरेशन करून चिकटवला होता, आणि पडदा जागेवर दाबून राहावा म्हणून आत हवेचा फुगा सोडला होता. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून बजावलं होतं, "सेन्योरा, मान खाली. जेवताना खाली, चालताना खाली, झोपायचं तर पालथं. फुगा वर चढतो, म्हणून डोकं खाली हवं. आणि धक्का नको. कुठे आपटला तर माझ्याकडे दुसरा उपाय नाही. हा एकच डोळा उरलाय, कळतंय ना?"

कळत होतं की! न कळायला काय झालं? घरात मी त्याला काचेच्या भांड्यासारखा जपत होते. दाराच्या चौकटींना उशा बांधल्या, मांजर शेजारी ठेवलं. आल्देमार बिचारा मान खाली घालून दिवसभर फरशीशी गप्पा मारल्यासारखा बसायचा. "एदिल्मा, या टेबलाखाली तू कधी झाडतेस का गं?" असं विचारायचा, आणि मी झाडू घेऊन धावायचे. विनोद सुचत होते म्हणजे माणूस धीरात होता.

शुक्रवारची तपासणी चुकवून चालणार नव्हतं. शेजारच्या एव्हेलिओनं आपल्या गाडीतून सोडायचं कबूल केलं होतं, छातीवर हात ठेवून. आणि गुरुवारी संध्याकाळी हा गृहस्थ दारात येऊन डोकं खाजवतो. काय, तर शुक्रवारी त्याच्या नंबराच्या गाड्यांना रस्त्यावर बंदी! अरे, हा नियम काय कालपरवा झाला? वर्षानुवर्षं दर आठवड्याला बंदीचा दिवस येतो, तुझ्या गाडीचा नंबर तुला माहीत नाही?

"माफ कर, वेसी," तो म्हणाला. शेजाऱ्याला आम्ही वेसी म्हणतो. "डोक्यातच आलं नाही बघ."

"डोक्यात जागा असेल तर येईल ना," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

टॅक्सीचं तर नावच काढू नका. आमची वस्ती दक्षिणेच्या डोंगरावर. पत्ता ऐकला की टॅक्सीवाले फोन बंद करतात. एकजण येतो म्हणाला, चढ बघितला आणि खालूनच परत गेला. उरली ती लाल जोडबस. मग म्हटलं चला, सकाळी लवकर निघू, आल्देमारला बसायला एक जागा मिळाली की झालं. अपंगांसाठी, म्हाताऱ्यांसाठी निळ्या सीटा आहेत, त्यावर चित्रंसुद्धा काढलीयत. एवढ्या मोठ्या बसमध्ये एका आंधळ्या होऊ घातलेल्या माणसाला एक सीट मिळणार नाही?

हो, मी एवढी मूर्ख आहे.

आमच्या स्टेशनात शिरायचे दोन रस्ते आहेत. एक फाटकातून, कार्ड टेकवून. दुसरा बसच्या रस्त्यावरून, कठड्यावर चढून, फलाटाची काचेची दारं हातांनी फाकवून. दुसऱ्या रस्त्याला गर्दी जास्त असते. चांगली शिकलीसवरलेली पोरगी, ऑफिसचा स्कर्ट, उंच टाचांचे बूट हातात, धावत्या बसेसच्या मधून उड्या मारत येते, दार फाकवते, आत चढते आणि बूट घालून केस नीट करते. लाज कोळून प्यायलीत सगळी. फाटकाशी पिवळ्या जाकिटातला एक माणूस उभा केलाय, त्याचं काम काय, तर "कृपया पैसे भरा" म्हणायचं. तो बिचारा जपमाळ ओढल्यासारखा म्हणत असतो, कुणाकडेही न बघता. बघितलं तर मार खाईल.

मी आल्देमारचं कार्ड टेकवलं. लोखंडी दांडा फिरायला लागला, आल्देमार मान खाली घालून आत सरकला, आणि मागून एक टायवाला त्याला चिकटला. चिकटला म्हणजे पोट पाठीला लावून, हनुवटी त्याच्या खांद्यावर ठेवून, एकाच दांड्यातून दोघं. सेंटाचा असा भपकारा की मला मळमळलं. पलीकडे गेल्यावर कोट झटकून म्हणतो, "माफ करा हं, आजोबा."

हेच, हेच मला सहन होत नाही. बोगोताचा माणूस तुमच्या पायावर पाय देईल, तुमच्या खिशात हात घालेल, आणि वर म्हणेल माफ करा हं. जिभेला नुसती साखर लावलेली.

"ओ टाय!" मी ओरडले. "तिकिटापेक्षा तो टाय महाग असेल ना?"

"सेन्योरा, मी टॅक्स भरतो," तो म्हणाला. "या चोरांच्या बसला आणखी पैसे देऊ?"

"मग चोरांच्या बसमध्ये बसू नकोस, चालत जा!"

"एदिल्मा," आल्देमार फरशीकडे बघत म्हणाला, "धक्का लागला नाही ना? नाही लागला. मग चल."

आल्देमारनं उमेदीची सगळी वर्षं बस चालवली. या लाल राक्षसांच्या आधीच्या, लहान बस. त्याला माणसांबद्दल मुळात प्रेमच आहे, हा त्याचा आजार. नेहमी सांगतो, त्याच्या बसमध्ये लोक मागच्या दारानं चढायचे, भाडं हातोहात पुढे यायचं, अनोळखी वीस हातांतून, आणि सुटे पैसे तसेच मागे जायचे. कधी नाणं गहाळ झालं नाही म्हणतो. मी म्हणते, अरे बाबा, तीच माणसं आहेत ही. तेच हात आता दारं फाकवतायत. पण त्याला ते पटत नाही. त्याला वाटतं ती माणसं कुठेतरी गावाला गेलीयत आणि परत येतील.

बस आली. चढताना मी त्याच्यापुढे हात पसरून, कोपरं काढून, रणगाड्यासारखी चढले, त्याला माझ्या पाठीशी धरून. आत काय वास, काय वास! ओले कोट, तळणाचं तेल, कुणीतरी सकाळी सकाळी कागदात गुंडाळलेला तळलेला एम्पानादा खात होतं आणि बोटं खांबाला पुसत होतं. धरायच्या दांड्यावर चघळलेला डिंक चिकटवलेला, माझं बोट त्यात रुतलं. एक माणूस नखं कापत होता. घरची नखं बसमध्ये! एक तुकडा उडून समोरच्या बाईच्या बाहीवर बसला, तिनं बघितलं, झटकला आणि परत फोनमध्ये डोकं. शी!

निळ्या सीटा दोन होत्या. एकीवर एक गडी टोपी नाकापर्यंत ओढून झोपला होता. झोपला कसला! स्टेशन आलं की एक डोळा किलकिला करून पाटी वाचायचा आणि पुन्हा घोरायचा. दुसरीवर एक तरुण बाई चमच्यानं पापण्या वळवत बसली होती. चहाचा चमचा पापणीला लावायचा, अंगठ्यानं दाबायचं, आरशात बघायचं. एवढी बस हलतेय, पण हात काय स्थिर तिचा!

"पोरी," मी तिला म्हणाले, आवाज शक्य तितका मऊ ठेवून, "याला बसू देतेस का? ही सीट अशाच लोकांची आहे."

तिनं एका पापणीवरचा चमचा काढला आणि आल्देमारकडे बघितलं. आता तो कसा दिसत होता म्हणता? मान छातीला टेकलेली, केस विस्कटलेले, ऑपरेशनचा डोळा सुजून लाल, पण मान खाली असल्यामुळे तो दिसत नव्हता. दांडा धरून झुलत होता.

"सकाळी सकाळी एवढी चढवलीय?" ती म्हणाली. "अंगावर ओकेल माझ्या."

मागून दोघंतिघं हसले. कुणीतरी म्हणालं, "गुरुवारीच सुरुवात केली वाटतं आजोबांनी."

माझं डोकंच फिरलं. "दारू नाही, डोळ्याचं ऑपरेशन झालंय!" मी सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडले. "मान वर करायची नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी. एकच डोळा आहे. धक्का लागला तर तोही जाईल. ऐकू आलं का सगळ्यांना?"

ऐकू आलं. सगळ्यांना ऐकू आलं. जो तो खिडकीबाहेर बघायला लागला, जणू काराकस नावाच्या त्या रस्त्यावर काय नवलच चाललंय. टोपीवाल्याचं घोरणं वाढलं. सगळ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं. मग दाराजवळून त्या टायवाल्याचा आवाज आला. हो, तोच. आमच्याच बसमध्ये, आमच्याच तिकिटावर. अगदी शांतपणे, विचार करून बोलला, "पण सेन्योरा, ऑपरेशन डोळ्याचं झालंय ना? पायाचं नाही. उभं राहता येतं की त्यांना."

तोंडात थुंकी जमली होती, ती मी गिळली. थुंकायला हवी होती.

"एदिल्मा, नको," आल्देमार खालून म्हणाला. "मी उभा राहतो. मला सवय नाही का? तू माझा हात धर म्हणजे झालं."

मी त्याचा हात घट्ट धरला. दोन स्टेशनं अशीच गेली. प्रत्येक स्टेशनावर चढणारे आत घुसत, उतरणारे बाहेर ढकलत, आणि मी मध्ये भिंतीसारखी. एक गोळ्या विकणारा चढला, नेहमीचं भाषण करायला लागला, मी चोरी करू शकलो असतो पण मी तुमच्यासमोर उभा राहून गोळ्या विकतोय, वगैरे. आल्देमारनं खिशातून नाणं काढून त्याला दिलं. न बघता.

तिसऱ्या स्टेशनाआधी आमच्या अगदी पुढ्यातली साधी, लाल सीट रिकामी झाली. एक जाडसा, घामेजलेला माणूस उठला, त्याचं ठिकाण आलं म्हणून, आमच्यासाठी नव्हे. सीट अगदी आल्देमारच्या गुडघ्याशी. मी लगेच पुढे झाले आणि कुणी घुसू नये म्हणून अडवून धरली.

आल्देमारनं हात पुढे करून सीट चाचपली, आणि हात मागे घेतला.

"गरम आहे," तो म्हणाला.

मीही तळवा लावून बघितला. गरमच होती. नुसती गरम नव्हे, दमट. त्या जाड्या माणसाची सगळी ऊब आणि काय काय त्यात. आता कुणाच्या अंगातलं काय त्या उबेतून आपल्या अंगात येईल सांगता येतं का? मूळव्याध येते, पुरळ येतं, माझ्या आईनं मला लहानपणापासून हेच सांगितलं. दुसऱ्याच्या उबेवर बसायचं नसतं. आणि माझ्या माणसाचं तर ताजं ऑपरेशन, जंतू लागता कामा नये, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. इथे कुणालाही विचारा. त्याच वेळी पलीकडे आणखी एक सीट रिकामी झाली होती, तिच्यासमोरही एक बाई पर्स पोटाशी धरून उभी होती, सीट गार व्हायची वाट बघत. आणि तिची ती सीट कुणी पळवली नाही. एवढी गर्दी, एकमेकांच्या मानेवर श्वास सोडतायत, आणि दोन सीटा रिकाम्या! तिकीट बुडवणारे, नखं कापणारे, घोरायचं सोंग करणारे, सगळे त्या गरम सीटपासून हातभर लांब. या लोकांना लाज वाटत नाही, पण किळस मात्र वाटते.

"थांब जरा," मी आल्देमारला म्हणाले. "होईल गार."

दवाखान्याच्या कागदांचं मोठं पाकीट माझ्या काखेत होतं. मी ते काढलं आणि सीटला वारा घालायला लागले. पाकीट मोठं, एका हातानं वाकत होतं, म्हणून दोन्ही हातांनी धरलं.

"झाली का?" आल्देमारनं विचारलं.

"कोमट आहे अजून. थोडं थांब."

आणि तेवढ्यात पुढच्या स्टेशनाशी तिकीटबुडव्यांचं एक टोळकं बससमोरून रस्ता ओलांडायला निघालं. मी नंतर ऐकलं, हसत होते म्हणे, एकमेकांना ढकलत होते. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला.

सगळी बस पुढे झुकली. मी सीटवर पडले, पाकीट कुठल्या कुठे गेलं. आल्देमारच्या हातात धरायला काही नव्हतं, माझा हात तर नव्हताच. तो सरळ पुढे गेला आणि त्याचं तोंड पिवळ्या खांबावर आपटलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. भांडं पडल्यासारखा, साधाच.

"आल्देमार!"

तो खाली बसला होता, दोन्ही हात डाव्या डोळ्यावर. ओरडला नाही. बोटांमधून थोडंसं रक्त येत होतं, भुवई फुटली होती. रक्ताचं मला काही वाटलं नाही. मी त्याचे हात डोळ्यावरून काढायला गेले, तो काढू देईना.

ड्रायव्हर आपल्या केबिनमधून गर्दी कापत आला. येसिद असं नाव छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. तरुण, ओठ पांढरे पडलेले. खाली वाकला, आल्देमारचा खांदा धरला आणि उठून म्हणाला, "माणूस जखमी झालाय. मला कळवावं लागेल. बस इथेच थांबणार, अँब्युलन्स येणार. सगळ्यांनी उतरा."

बाप रे, काय तो गलका उठला!

"काय? सगळ्यांनी?"

"मागच्या बसमध्ये मुंगीलाही जागा नसते!"

"माझा आज पगार कापतील हो!"

"आम्ही काय केलं?"

आणि मग बघा. मग ही बस अचानक माणसांनी भरली. चमच्याची बाई उठली. हो, उठली! पाय होते तिला. "बसा, बसा आजोबा, इथे बसा, ही सीट तुमचीच आहे." टोपीवाला जागा झाला, त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. कुणीतरी रुमाल दिला, कुणीतरी पाकीट उचलून झटकून माझ्या हातात दिलं. टायवाला तर आल्देमारसमोर चक्क उकिडवा बसला. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "आजोबा, बरे आहात ना? थोडंसंच लागलंय, नाही का? सांगा बरं ड्रायव्हरला, बरा आहे म्हणून. मी स्वतः येतो तुमच्याबरोबर दवाखान्यापर्यंत. माझा शब्द."

"हो आजोबा, सांगा ना."

"किती सोसलंय त्यांनी, नाही? खंबीर आहेत."

"सांगा आजोबा, बरा आहे म्हणा."

सगळी बस त्याला गोंजारत होती. माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढी गोड माणसं एका जागी बघितली नाहीत. मला इतकं घाण वाटलं, इतकं घाण, की नखांचा तो तुकडा मी तोंडात घातला असता तर परवडलं असतं.

"अँब्युलन्स बोलव!" मी येसिदला म्हणाले. "एकही शब्द ऐकू नकोस यांचा. माझ्या माणसाचा डोळा जातोय. बोलव म्हणते ना!"

येसिद माझ्याकडे बघेना. वायरलेस हातात घेऊन तो आल्देमारकडे बघत उभा होता. तो काही मागत नव्हता, एवढं त्याच्याबद्दल म्हणायला हवं. चमच्याच्या बाईनं आल्देमारला निळ्या सीटवर बसवलं. ती सीट भाकरीसारखी गरम होती. या वेळी कुणी तळवा लावून बघितला नाही. मीही नाही.

आल्देमारनं रुमाल डोळ्यावर दाबला. मान अजून खालीच होती.

"पोरा," तो म्हणाला, "नवीन आहेस का?"

"हो, साहेब. अजून पक्की नोकरी नाही," येसिद म्हणाला.

आल्देमारला माहीत होतं. त्याला नको तेवढं माहीत असतं. बसमध्ये माणूस जखमी झाल्याची नोंद झाली की चौकशी होईपर्यंत ड्रायव्हर घरी, आणि कच्च्या नोकरीवाल्याची चौकशी कधी संपतच नाही. त्याच्या एका दोस्ताचं असंच झालं होतं.

"घरी कोण आहे?"

"आई. आणि धाकटी बहीण शिकतेय."

"बरं." आल्देमारनं रुमालाची दुसरी बाजू डोळ्यावर धरली. सगळी बस श्वास रोखून होती, त्याच्या डोळ्यासाठी नव्हे. मग तो मोठ्यानं म्हणाला, ड्रायव्हर लोक बोलतात तसं, मागच्या दारापर्यंत पोचेल असं, "मला काही झालेलं नाही. नुसतं खरचटलंय. काढ बस."

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

देवाशपथ सांगते, टाळ्या वाजवल्या. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत. कुणी शिट्टीही मारली. "शाब्बास आजोबा!" मी त्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडे बघत होते आणि मला वाटत होतं, माझ्याकडे माझी मोठी कात्री असती तर.

"तू वेडा आहेस का?" मी आल्देमारच्या कानात म्हणाले. "कुणासाठी? या डुकरांसाठी?"

"गप्प बस, एदिल्मा," तो म्हणाला. रागानं नाही. "लोकांना कामावर जायचंय."

बस निघाली. थोड्याच वेळात सगळं पहिल्यासारखं झालं. फोन बाहेर आले. चमच्याची बाई आता उभी राहून दुसरी पापणी वळवत होती. टोपीवाल्यानं पाण्याची बाटली परत मागून घेतली. मी आल्देमारच्या समोर उभी राहिले, दोन्ही हातांनी त्याचं डोकं माझ्या पोटाशी धरून, कुणाचा वारासुद्धा लागू नये म्हणून. त्याच्या केसांना रुग्णालयाच्या औषधाचा वास येत होता.

"दिसतंय का?" मी विचारलं. ऑपरेशननंतर त्या फुग्यातून त्याला फारसं दिसत नव्हतंच, पण उजेड कळायचा, माणूस हललं तर कळायचं. घरात मी समोरून गेले की म्हणायचा, लाल झगा घातलास वाटतं.

"पोचू दे आधी," तो म्हणाला.

"आल्देमार, दिसतंय का?"

"पोचू दे."

आमचं स्टेशन आलं. दवाखाना तिथून समोरच, पूल उतरून गेलं की. मी त्याला उठवलं. "वाट द्या, वाट द्या," करत दारापर्यंत नेलं. टायवाला दाराशीच होता, फोनवर कुणाला तरी सांगत होता की उशीर होईल, बसमध्ये एक म्हातारा पडला म्हणून. आम्ही त्याच्या अंगावरून उतरलो. तो उतरला नाही. त्यानं मला बघून मान लववली आणि हळूच म्हणाला, "लवकर बरे व्हा हं, आजोबा." दारं मिटली. बस गेली.

फलाटावर मी एका हातानं त्याचा दंड धरला, दुसऱ्यानं पाकीट. दवाखान्यात काय सांगायचं, कुणाला आधी गाठायचं, डॉक्टरीणबाई आल्या असतील का, हे सगळं डोक्यात एकदम चाललं होतं. पडदा पुन्हा चिकटवतात का? दुसरा उपाय नाही म्हणाल्या होत्या, पण डॉक्टर असं घाबरवायला म्हणतात. त्यांचा दुसरा उपाय असतोच. मी चालत होते, जवळजवळ ओढत होते त्याला.

आल्देमार थांबला. त्यानं डोळ्यावरचा रुमाल काढला, दुसऱ्याचा होता तरी नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. मग त्यानं मान वर केली. सावकाश, मान अवघडली होती ना. खांदे मागे घेतले आणि सरळ उभा राहिला. सबंध आठवडा मी त्याचं टाळकंच बघत होते. हा माणूस माझ्यापेक्षा केवढा उंच आहे हे मी विसरलेच होते.

"मान खाली घाल!" मी किंचाळले. "अरे खाली घाल म्हणते ना! खाली!"

फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. मी त्याच्या मानेमागे हात घालून डोकं खाली दाबायला लागले. त्यानं माझा हात काढून आपल्या हातात घेतला.

"आता कशाला, पोरी," तो म्हणाला. "पुढे उतार आहे की पायऱ्या, तेवढं सांग."